पटलं

२०११ साल. शारजातल्या आमच्या लेबर कॅम्पमध्ये जेवताना टीव्हीवर स्पेनमधला एक चौक दाखवत होते. हजारो बेकार माणसं जमिनीवर बसली होती. एक आफ्रिकन कामगार माइकवर काहीतरी बोलला, तसे सगळ्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि नुसती बोटं हलवली.

"आवाज वाढव रे," महादू म्हणाला.

"फुल्ल आहे," सोमनाथ म्हणाला. "ते टाळ्या वाजवत नाहीत. हात असे हलवले की समजायचं, पटलं. बोलणाऱ्याचं बोलणं तुटत नाही."

"बरंय. तोंड उघडायला नको," म्हणत महादू ताट धुवायला गेला.

सकाळी आम्ही साइटच्या बसमध्ये चढलो, तेव्हा सुपरवायझरनं महादूला खालीच थांबवलं. कंपनी माणसं कमी करतेय, व्हिसा कॅन्सल, दुपारचं विमान.

"साब, ये ठीक नहीं है," महादू म्हणाला. हळूच म्हणाला, पण बसमध्ये सगळ्यांना ऐकू आलं.

"खलास," सुपरवायझर म्हणाला आणि ड्रायव्हरकडे वळला. "यल्ला."

बस सुटली. काही बोललं की उद्या आपलं नाव. सोमनाथनं दोन्ही हात वर केले. मग मी केले. मला काही वाटत नव्हतं, हात तेवढे वर होते. मागे पाहिलं, तर अख्खी बस बोटं हलवत होती.

महादू खालून बघत राहिला. सुपरवायझरला वाटलं, आम्ही बाय-बाय करतोय. हसून त्यानंही दोन्ही हात वर केले आणि हलवले.