केल्डनचा आशीर्वाद

लवॉयने तेलाची इवलीशी बाटली उघडली आणि केल्डनने तळवे पँटला पुसले. समोर स्वयंपाकघरातल्या खुर्चीत अफ्टनबाई सोरेन्सन ताठ बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोव्हो शहरातल्या हॉस्पिटलात त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. वय ऐंशीच्या पुढे. मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या घरांच्या रिवाजाप्रमाणे आदल्या संध्याकाळी चर्चमधले दोघे पुरुष आशीर्वाद द्यायला आले होते. एकाने टाळूवर तेलाचा थेंब लावायचा, मग दोघांनी डोक्यावर हात ठेवायचे आणि दुसऱ्याने बोलायचं.

बोलायचं केल्डनने. बाईंनी बिशपांना, म्हणजे चर्चच्या बिनपगारी प्रमुखांना, फोन करून तसं बजावूनच सांगितलं होतं. बिशपांना नवल वाटलं. केल्डनला घाम फुटला.

कारण वर्षभर तो गॅरेजमध्ये मोठ्या फ्रीझरशेजारी गुडघे टेकून देवाला एकच प्रश्न विचारत होता, आणि उत्तरादाखल फक्त फ्रीझर घुरघुरत होता. शाळेत तो मुलांना जीवशास्त्र शिकवायचा, पुरावा मागायला शिकवायचा. रविवारी चर्चमध्ये मात्र लोक एकामागून एक उठून ‘देव आहे, मला पक्कं ठाऊक आहे’ म्हणत, तेव्हा त्याला आपल्या बुटांकडे बघावंसं वाटे. पणजोबा हातगाडी ओढत मैदानं तुडवून या खोऱ्यात आले होते, तेही याच श्रद्धेपायी. येत्या रविवारी बिशपांना सगळं सांगून चर्च सोडायचं, असं त्याने ठरवलं होतं. बायकोला, जनीलला, ते ठाऊक होतं. ती पोटभर रडली, मग डोळे पुसून पाव भाजायला लागली.

आजचं काम टाळायचंच त्याच्या मनात होतं. पण उद्या जिची छाती उघडायची आहे, तिला नाही कसं म्हणणार? त्यातून लहानपणी बाईंनीच त्याला रविवारच्या शाळेत गाणी शिकवली होती.

लवॉयला कसली शंका माहीत नव्हती. टर्की पाळणारा, आडव्या बांध्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस. येताना गाडीत त्याने केल्डनला पढवलं होतं की ठणठणीत बरं व्हाल म्हण, शंभरी गाठाल म्हण, देवाच्या घरी काही तोटा नाही, तू हात आखडू नकोस.

तेल लावून झालं. दोघांचे हात बाईंच्या पांढऱ्या केसांवर आले. केल्डनने पाठ केलेली वाक्यं आठवून पाहिली. त्यांतलं एकही खरं वाटेना. शेवटी जे आलं ते त्याने बोलून टाकलं.

"अफ्टन सोरेन्सन, उद्या काय होईल मला ठाऊक नाही. तुम्ही बऱ्या व्हाल असं वचन मी देऊ शकत नाही. पण तुमच्या डॉक्टरचा हात चांगला आहे असं सगळे म्हणतात. तुमची मुलगी बॉइसीहून निघाली आहे. तुम्ही शुद्धीवर याल तेव्हा ती जवळ असेल, आणि बाहेर बाकावर मी असेन. आमेन."

लवॉयचा हात त्याच्या बोटांवर जड झाला. असला आशीर्वाद आपण जन्मात ऐकला नाही, असं तो पुटपुटला. मग अंगणातला पाण्याचा नळ गळतोय असं काहीतरी म्हणत तो मागच्या दाराने बाहेर पडला.

केल्डनने मान खाली घालून माफी मागितली. बाई हसत होत्या. खांदे हलेपर्यंत हसत होत्या.

"अरे, म्हणून तर तुला बोलावलं," त्या म्हणाल्या. "लवॉयने मला शंभर वर्षं देऊन टाकली असती. आणि उद्या मी टेबलावरच गेले असते, तर आपलीच श्रद्धा कमी पडली म्हणून तो बिचारा जन्मभर झुरला असता. तू खोटं बोलणार नाहीस, एवढं ठाऊक होतं मला."

"पण माझं तुम्हाला कळलं कसं?"

"रविवारी प्रार्थनेच्या वेळी तू डोळे उघडे ठेवून बसतोस."

"ते तुम्हाला कसं दिसलं?"

"कसं दिसणार? माझे मिटलेले असते तर दिसलं असतं का?"

केल्डन खुर्ची ओढून मटकन बसला. बाई त्यापुढे आणखी काही वर्षं जगल्या, पण त्या संध्याकाळी हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि तरी दोघं शाळकरी पोरांसारखी हसत सुटली. केल्डनने मग रविवारचं सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, खुशाल सांग बिशपांना, ते दातांचे डॉक्टर आहेत, लोकांनी तोंड उघडलेलं त्यांना नवं नाही. पण सांगितलं की सोडूनच जावं लागतं, हे तुला कुणी शिकवलं?

बाहेर नळावर पाना आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ लवॉयचं चिडून बडबडणं.

"तुम्ही का नाही गेलात?" केल्डनने विचारलं.

बाईंनी खिडकीतून नळाशी वाकलेल्या लवॉयकडे बोट केलं.

"माझा नवरा आल्विन गेला त्या हिवाळ्यात मी रोज रात्री विचारायचे, देवा, तू आहेस का? उत्तर काही आलं नाही रे. पहाटे आमच्या गाईंची धार काढायला लवॉय यायचा."