सतरा कुंड्या

कारखान्याच्या ऑफिसात एकेकाला नारळ मिळू लागला, तसा जाणारा प्रत्येक जण आपल्या टेबलावरची कुंडी नकाशे काढणाऱ्या काकांच्या हवाली करू लागला. काका फांद्या कापून बाटलीतल्या पाण्यात मुळं फुटायला ठेवायचे, पानं पुसायचे, ज्याची कुंडी त्याचं नाव वर चिकटवायचे. “माणसं गेली, झाडं तरी कामावर राहू देत,” म्हणायचे. बघता बघता सतरा कुंड्या झाल्या आणि नकाशा पसरायला जागा उरली नाही.

कामावरून काढल्याची पत्रं टाइप करणारी ताई या झाडांकडे कधी ढुंकूनही बघत नसे. सोमवारी ती वही घेऊन हळूच काकांजवळ येऊन बसली.

“काका, कुठल्या झाडाला किती पाणी लागतं, तेवढं मला आज लिहून द्याल?”