डावा पाय

गाडी सुरू होईना. आमच्या यजमानांनी स्टिअरिंगमागे बसूनच पोरांकडून बॅटरी बदलून घेतली, स्टार्टर खोलायला लावला. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस, पण खापर गाडीवर! अर्धांगाच्या झटक्यानं डावा पाय लुळावलाय, क्लच तळाला टेकत नाही, टेकल्याशिवाय ही गाडी सुरू होत नाही, हे बापाला सांगायची पोरांची छाती नाही. माझी आहे. "थांबा," म्हणत मी वाकले. "तू मला शिकवणार?" त्यांचा पाय सारून पेडल हातानं दाबलं. "फिरवा किल्ली." गाडी लगेच सुरू झाली. गॅरेजातली गिऱ्हाईकं बघत होती. लग्नानंतर मी गाडी शिकवा म्हटलं, तेव्हा हेच चारचौघांत हसले होते, "बायकांच्या पायात क्लच दाबायचा जोर असतो होय?" "उतरा आता," मी म्हटलं. त्यांनी किल्ली काढली, आधारासाठी हात पुढे केला. मी त्यातली किल्ली तेवढी घेतली.