सुनेच्या मनाचा प्रयोग

सुनांच्या मनावरचा ताण मोजणारं नवं सॉफ्टवेअर बायकांना चालवायला जमतं का, हे बघायला जळगावचे योगराज सर सावद्याला आले. माणसांना नाही, निदान कॉम्प्युटरला तरी खरं सांगू, म्हणून नूतन पुढे जाऊन बसली. शेजारी तिच्या सासूबाई बसल्या, कुंदाबाई. एकादशी होती, त्यामुळे त्यांच्या एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या हातात माउस.

स्क्रीनवर प्रश्न आला, ‘घरात मनातलं बोलता येतं का?’

नूतनने तोंड उघडलं.

“तू गप बस वं, मी सांगते ना,” म्हणत कुंदाबाईंनी ‘हो’ दाबलं. पुढचे प्रश्नही त्यांनीच भराभर उरकले.

 

सरांनी खूश होऊन कुंदाबाईंना विचारलं, “अक्का, सूनबाईंना वापरताना काही अडचण तर नाही ना आली?”