दुसऱ्या स्क्रूखाली

“साहेब, खोट तुमच्या डिझाइनमध्ये आहे आणि खापर आमच्या डोक्यावर फोडताय!”

कुकरला हँडल बसवणाऱ्या यमुनाबाई भर मीटिंगमध्ये असं बोलल्या आणि चहाचे कप हवेतच थांबले.

बाजारातून चिरलेली हँडलं परत येत होती. डिझाइन बदलायचं की कामाची पद्धत सुधारायची, हा प्रश्न साहेबांनी बिस्किट भिजायच्या आत सोडवला होता. पद्धत! डिझाइन त्यांचं स्वतःचं होतं ना. मग बायकांच्या पाठीमागे स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा राहिला, भिंतीवर तक्ते लागले, तरी हँडलं चिरतच राहिली. आज ‘चूक माझ्या हातून झाली’ असा कागद यमुनाबाईंपुढे आला होता. सही केली की नोकरी गेली.

त्यांच्या मनात पाल कधीचीच चुकचुकत होती. प्रत्येक हँडल दुसऱ्या स्क्रूखालीच चिरायचं. अकरा जणींचे हात एकाच जागी चुकतील होय?

“बाई, पुरावा आहे का काही? का नुसतंच तोंड?” साहेब हसले.

यमुनाबाईंनी त्यांच्या पाठीमागचं काचेचं कपाट उघडलं. आत या डिझाइनचा पहिला कुकर होता, साहेबांनी स्वतः जोडलेला. दर खंडेनवमीला तेच त्याच्या हँडलला हळदकुंकू वाहायचे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

बाईंनी पदराने हँडल पुसलं. कुंकू निघालं, पण दुसऱ्या स्क्रूखाली एक बारीक लाल रेघ तशीच राहिली. चिरेत कुंकू मुरलं होतं.

त्यांनी कागद साहेबांपुढे सरकवला.

“हे तर तुम्हीच बसवलंत. आता सांगा साहेब, यावर सही कुणी करायची?”