नेमकं एकशे चौदा

मापाच्या दिवशी खारूताई सैल पायजमाच घालायची. आजही तोच घालून ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बाबाने लेकीच्या डोक्यावर गुण्या टेकवला, तो भिंतीला काटकोनात आहे ना ते पाहिलं आणि पेन्सिलीने रेघ ओढली.

"वाचा, मॅडम."

ती स्टुलावर चढली आणि डोळे बरोबर रेघेसमोर आणले. तिरकं पाहिलं की माप खोटं येतं, हे बाबानेच शिकवलं होतं.

"एकशे चौदा सेंटीमीटर."

आलेखाच्या कागदावर टिंबही तिनेच दिलं. आधीच्या सात टिंबांशेजारी, त्यांच्याच उंचीवर.

"आठ महिने एकशे चौदा," स्वयंपाकघराच्या दारातून आत्या म्हणाली. तिची तीस वर्षं शाळेत शिकवण्यात गेली होती आणि आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. "संध्याकाळी पाचचा नंबर लावलाय डॉक्टरांकडे. आणि सोमवारी हिचं नाव शाळेत घालायचं. सहा वर्षांची पोर दिवसभर तुझ्या तराजूंमध्ये बसते. वाढणार कशी? कुंडीतलं झाड आहे का ते?"

"कुंडीतली झाडंही वाढतात, ताई."

"मग ही का वाढत नाही, ते सांग."

बाबा प्रयोगशाळांचे तराजू घरीच दुरुस्त करायचा आणि त्याच टेबलावर लेकीला शिकवायचा. बेरजा वजनांनी, अक्षरं औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांनी. ती वाचायला लागली होती, लिहायला लागली होती. पण घरात काहीतरी कमी पडतंय, असं त्यालाही वाटायचं. काय कमी पडतंय, तेही माहीत होतं. तिची आई बोटीवर इंजिनिअर होती. सहा महिन्यांत परत यायची होती, आता आठवा चालू होता.

तो आलेखाकडे पाहत राहिला. आठ टिंबं पट्टीने आखल्यासारखी एका ओळीत. माणूस सकाळी मोजला आणि संध्याकाळी मोजला, तरी थोडाफार फरक पडतो. त्याच्याकडे असा एकाच आकड्यावर बसलेला तराजू आला की तो वजनं तपासत नसे. आधी काटा कुठे अडकलाय ते शोधायचा.

"आज आईसाठी तुझं चित्र काढू," तो म्हणाला. "खऱ्या मापाचं."

त्याने खाकी कागद एकशे चौदाला मोजला, एक बोट जादा ठेवून कापला आणि फरशीवर पसरला. खारूताई त्यावर उताणी झोपली. डोकं वरच्या कडेला, टाचा कागदाच्या आत. पायजम्याचा मधोमध तंबू झाला होता.

"गुडघे खाली घे."

"खालीच आहेत."

"मग पायजम्यात कोण बसलंय?" आत्याने विचारलं.

कोणी हसलं नाही. बाबा तिच्याशेजारी फरशीवर बसला.

"दर वेळी नेमकं एकशे चौदा कसं आणायचीस?" त्याने हलकेच विचारलं. एखाद्या कारागिराने दुसऱ्याला विचारावं तसं.

ती क्षणभर खूश झाली. "खिडकीचा दुसरा आडवा गज आहे ना, तो समोरच्या गच्चीच्या कठड्याला चिकटला की थांबायचं. जास्त वाकलं की गज वर जातो."

बाबाने खिडकीकडे पाहिलं. पद्धत बिनचूक होती. तो दर वेळी डोक्यावरचा गुण्या पाहत होता, पायजम्याकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

"पण का, बाळा?"

"आई म्हणाली ना. जाताना. मी येईपर्यंत मोठी होऊ नकोस हं, असं."

म्हणाली होती खरी. दारात बूट घालता घालता, हसत. तोही हसला होता.

"ती नसताना मोठी झाले तर तिचं बघायचं राहून जाईल," खारूताई छताकडे पाहत म्हणाली. "आधी थोडंसंच वाकायला लागायचं. आता फार वाकायला लागतं."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. आत्या आत गेली आणि तिने तो बंद केला. बाहेर मात्र लगेच आली नाही.

"आई दर फोनला विचारते, किती वाढली," बाबा म्हणाला. "मी सांगतो, होती तेवढीच."

"मग खूश होते?"

"आधी व्हायची. परवा काहीच बोलली नाही. मग म्हणाली, डॉक्टरांना दाखव."

"घाबरली?"

"हो."

खारूताईने बराच विचार केला. मग एक गुडघा खाली गेला, थोड्या वेळाने दुसरा. टाचा सरकत सरकत कागदाच्या कडेपर्यंत आल्या, कड ओलांडून फरशीवर टेकल्या. गार लागलं तशी तिने पायाची बोटं आखडून घेतली.

"हलू नकोस," बाबा म्हणाला. त्याने खाली कागदाचा तुकडा जोडला आणि कानापासून पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. खांदा, कोपर, एकेक बोट. घोट्यापाशी आल्यावर तो थांबला, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि टाच पूर्ण केली.

आतून आत्याचा आवाज आला. ती फोनवर संध्याकाळचा नंबर काढून टाकायला सांगत होती. "नाही हो, आजारी नाही," ती म्हणाली. "चांगली ठणठणीत आहे."

खारूताई उठून चित्राभोवती एक फेरी मारून आली. बाबाच्या हातातली पेन्सिल घेऊन ती पायांशी, जोडलेल्या तुकड्यावर पालथी झोपली आणि लिहू लागली. एरवी ती दर दुसरा शब्द बाबाला विचारायची. आज काही विचारलं नाही.

"आई, मी एवढी झाले. बाकीची तू आल्यावर होईन."