रूफस की अ‍ॅलन?

“अ‍ॅलन म्हणजे अ‍ॅलनच!” नोलननं टेबलावर चमचा आपटला. “पाठ बघा की त्याची, हिरवीगार आहे!”

“हिरव्या पाठीचे रूफस काय कमी असतात?” बर्ट म्हणाला. हा दातांचा निवृत्त डॉक्टर. समोरच्याचं बोलणं मुळासकट उपटायची सवय अजून गेली नव्हती. “डोळे तपासून घ्या, नोलन.”

एलोडीनं दोघांनाही गंबोचा आणखी रस्सा वाढला. ज्याच्यावरून हे महाभारत चाललं होतं, तो अंगठ्याएवढा हमिंगबर्ड खिडकीबाहेर साखरपाण्याच्या बाटलीवर निवांत पीत होता.

रूफस आणि अ‍ॅलन या हमिंगबर्डच्या दोन जाती, दिसायला जुळ्या बहिणी. लुइझियानात हिवाळी रूफसला कोणी विचारत नाही. अ‍ॅलन मात्र दुर्मीळ. म्हणून ख्रिसमसपासून तिच्या परसात दुर्बिणीवाल्यांची जत्रा भरली होती. घरभर चिखल, संडासासमोर रांग, कॉफीचा फडशा. एलोडी तोंडानं कुरकुरायची आणि मनातून हरखायची. नवरा अल्सीद गेल्यापासून या घरात टीव्हीशिवाय कोणी बोललंच नव्हतं. पोरं ह्यूस्टनला. रविवारी फोन करतात, तोही गाडी चालवता चालवता. देवा, निकाल तेवढा लावू नकोस, एवढंच तिचं मागणं होतं.

नोलनची तिला कीव यायची. आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, स्वभावानं सरळ, पण पक्ष्यांच्या बाबतीत अगदीच ढ. बर्टचं पटून लोक उठायला लागले, की हा काहीतरी नवीनच खुसपट काढायचा. मग सगळे पुन्हा बसायचे आणि कॉफीचं भांडं पुन्हा चुलीवर चढायचं.

आज मात्र पक्ष्यांच्या पायात कडी घालणारी टेसा पिंजरा घेऊन आली. “शेपटीत मधल्या पिसाशेजारच्या पिसाला खाच असली तर रूफस, नसली तर अ‍ॅलन,” ती म्हणाली. “हातात धरलं की मिटला वाद.” आणि घरधनीण म्हणून पिंजऱ्याच्या दाराची दोरी तिनं एलोडीच्याच हातात दिली.

साखरपाण्याची बाटली पिंजऱ्यात टांगली, तसा पक्षी आत शिरला. एलोडी ढिम्म.

“ओढा, मिस एलोडी, ओढा!”

“हात आखडले गं बाई थंडीनं,” एलोडी म्हणाली. तोवर पक्षी भुर्र.

पुढच्या खेपेला टेसानं दोरी स्वतःच ओढली. मुठीतल्या पक्ष्याची शेपटी पसरून पाहिली. “खाच आहे. रूफस.”

बर्ट अंगणात चक्क नाचला. “नोलन, चष्म्याचे पैसे मी देतो!” सगळे खो खो हसले. कडं घालून पक्षी सोडला आणि बघता बघता गाड्याही गेल्या. कोणी मागे वळून हातसुद्धा हलवला नाही.

एलोडी डोळे पुसत स्वयंपाकघरात आली. नोलन बाह्या वर करून उष्ट्या बशा धूत होता.

तिला रागच आला. “तीन आठवडे कशाला हो हट्ट धरलात? चारचौघांत हसं करून घेतलंत. ती खाच एकदा नीट बघायचीत तरी!”

नोलनचे कान लाल झाले. हातातली बशी तो उगाच पुसत राहिला.

“पहिल्याच दिवशी दुर्बिणीतून दिसली होती,” तो म्हणाला. “पण तेव्हाच कबूल केलं असतं, तर दुसऱ्या दिवशी काय सांगून आलो असतो?”